राबाचा काळा चौकोन

मृण्मयीनं मला बोलावलं ते चुका काढायला. आणि चुका काढायच्या म्हटल्यावर मी हातातली भाजी निवडायची तशीच टाकून निघाले.

मृण्मयी आमच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. ती आणि तिच्या दोन मैत्रिणींनी नकाशांचं एक संकेतस्थळ तयार केलं होतं. संगणकात काही भरायला नको, फोनवर किंवा लॅपटॉपवर पत्ता टाकला की उघडतं. सगळ्या जगाला दाखवायच्या आधी तिला ते कुणाकडून तरी वापरून बघायचं होतं. "काकू, तुम्ही आयुष्यभर जमिनी मोजल्यात. काय खटकेल ते सरळ सांगा. अजिबात भीड ठेवू नका," असं ती दारात उभी राहून म्हणाली. भीड आणि मी! आमचे हे आत पेपर वाचत होते, त्यांचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं.

मी सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक होते. हा शब्द खात्याबाहेर कुणी उच्चारत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत मी कायम 'मोजणीवाली बाई'च होते. लोकांना वाटतं मोजणी म्हणजे टेप धरला, आकडा सांगितला, झालं. अहो, इतकं सोपं असतं तर लोकांनी आपापसात नसतं का केलं? प्रत्येक जमिनीचे दोन आकार असतात. एक कागदावरचा, कुणीतरी फार पूर्वी साखळी टाकून काढलेला. दुसरा प्रत्यक्षातला, म्हणजे मालक जिथपर्यंत नांगर घालतो तिथपर्यंतचा. त्याला वहिवाट म्हणतात. हे दोन आकार एकमेकांवर बसत नाहीत, आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळी भांडणं राहतात. माझी नोकरी त्या पट्टीत उभं राहायची होती.

मी लागले तेव्हा लोखंडी साखळी होती आणि तीन पायांवर उभी केलेली लाकडी फळी होती, प्लेन टेबल. फळीवर कागद ठोकायचा, शेतात दिसतंय तसं तिथंच रेखाटायचं. देवळाली कॅम्पच्या बाजूला मोजणी लागली की तोफांच्या सरावाच्या आवाजानं माझी पेन्सिल दचकायची. तिथले एक निवृत्त सुभेदार स्वतःच्या प्लॉटच्या मोजणीला पूर्ण गणवेशात आले होते. साखळी धरणाऱ्या आमच्या माणसाला ते दर वेळी "आगे बढ!" म्हणायचे आणि तो बिचारा घाबरून साखळी ओढायचा. शेवटी मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, ही साखळी माझ्या हुकमातली आहे." त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला आणि बाजूला जाऊन उभे राहिले. बाई म्हणून मला शेतात ऐकून घ्यावं लागलं ते इतकं, की सुभेदारांचा तो सॅल्यूट मी अजून जपून ठेवलाय.

आमचा एक पाळायचा नियम होता. मोजणीच्या दिवशी दोन्ही पार्ट्यांपैकी कुणाच्याही घरचा चहा घ्यायचा नाही. पाणीसुद्धा नाही. एकाच्या ओट्यावर कप तोंडाला लावला की दुसऱ्यानं ठरवलंच, बाई फितूर झाली. म्हणून माझ्या खांद्याला कायम थर्मास. निफाडकडे मला 'थर्मासवाली' असंही म्हणायचे.

तर मृण्मयीच्या नकाशाची परीक्षा घ्यायला मी निफाडचंच एक शेत निवडलं. रंगनाथअण्णांची द्राक्षबाग. अण्णा आणि त्यांचा चुलतभाऊ वेलींच्या एका ओळीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. ती मोजणी मी केली होती, द्राक्षाच्या मांडवाखाली वाकून वाकून, डोक्यात पानं अडकवून घेत. त्या बागेची प्रत्येक बाजू मला पाठ होती. म्हटलं, बघूच तुझं संकेतस्थळ किती पाण्यात आहे.

सुरुवातीला मी भरपूर चुका काढल्या. अक्षरं मुंगीएवढी. बटणांची नावं इंग्रजीत. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये! "अगं, निफाडला जाऊन चौरस मीटर सांगितलेस ना, तर लोक तुला बसस्टँडवर सोडून येतील. गुंठे दाखव," मी म्हटलं. तिनं सगळं निमूट टिपून घेतलं आणि संध्याकाळी पुन्हा उघडलं तर गुंठे! अक्षरं मोठी! बटणावर चक्क 'रेघ काढा' असं लिहिलेलं. सरकारी नोकरीत मी एक खुर्ची बदलून मागितली होती, ती मी निवृत्त झाल्यावर आली असेल बहुतेक.

मग तिनं मला खरी गंमत दाखवली. अण्णांच्या गावाचा जुना सरकारी नकाशा तिनं संकेतस्थळावर चढवला. खाली उपग्रहानं टिपलेलं गाव, वर तो पिवळा कागद. "काकू, दोन्हीकडे आहे असं काय काय ओळखू येतं?" मी विहीर दाखवली. नाल्याचं वळण दाखवलं. गावाच्या शिवेवरचा दगड दाखवला. तिनं प्रत्येक ठिकाणी टाचणी टोचली आणि तो कागद पापड लाटताना सरकावा तसा सरकत सरकत खालच्या गावावर जाऊन बसला. बांधावर बांध. हे एवढं काम करायला आम्ही काचेखाली दिवा लावून, ट्रेसिंग पेपर डकवून, मान मोडेपर्यंत बसायचो, आणि तरी एक कोपरा जुळला की दुसरा सुटायचा. मला क्षणभर रागच आला. आणि लगेच इतका आनंद झाला की मी मृण्मयीच्या पाठीत धपाटा घातला.

पण पडद्यावर जुळलं म्हणजे जुळलं असं मी मानणारी नव्हे. फोनवर तेच संकेतस्थळ उघडून मी निफाडला गेले. थंडीचे दिवस, बागेत मणी विरळायचं काम जोरात. अण्णा आता थकलेत, पण बोलणं तेच. "काय मॅडम, परत मोजायला आल्या का काय? आता कुठं आमचं दोघा भावांचं जमलंय, नका बिघडवू!" मी म्हटलं, तुमची नाही, या नकाशाची मोजणी आहे. अण्णांनी बागेत काम करणाऱ्या एका माणसाला टेप धरायला लावलं. त्याचं नाव लहानू. चाळिशीचा, काटक, सुरगाण्याकडच्या डोंगरातला. तिकडची कितीतरी माणसं भाताचं काम उरकलं की द्राक्षबागांत कामाला येतात. लहानू खूप वर्षं अण्णांकडे येत होता आणि अण्णांचं त्याच्यावाचून पान हलत नव्हतं.

आम्ही बांधावरच्या दगडापासून टेप लावला. फोनवरची रेघ आणि जमिनीवरचा दगड यांत वीतभर फरक निघाला. वीतभर! मी खाली वाकून पुन्हा पुन्हा बघत होते. लहानू माझ्या खांद्यावरून फोनकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "बाई, याच्यात आमचा डोंगर दिसंल का?"

"का नाही दिसणार? सगळं जग आहे यात."

मी त्याच्या गावाचं नाव टाकलं. हिरवट तपकिरी डोंगर पडद्यावर आला. त्यानं निरखून बघितलं आणि मान हलवली. "हा आमचा नाय." मग त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, जमिनीवर ठेवला, आपण कुठं बसलोय आणि गाव कुठल्या अंगाला ते बघितलं, आणि फोन गर्रकन त्या दिशेला फिरवला. मग हसला. "हाये की! हा ओहळ. हे आमचं घर. आन् हे..." त्याचं बोट एका उतारावर थांबलं आणि तिथंच राहिलं.

ते बोट जिथं थांबलं होतं, तिथं त्याचं सगळं अडकलेलं होतं. मी त्याला मांडवाखाली बसवलं, थर्मासमधला चहा दिला आणि विचारलं.

डोंगराळ भागात पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्यांना त्या जमिनीचा हक्क मिळतो, तसा कायदा आहे. लहानूच्या बापानं दावा केला होता. गावात मोजणी झाली तेव्हा हातात धरायचं यंत्र आणलं होतं. यंत्र घेऊन शेताच्या कडेकडेनं चालायचं, म्हणजे आकार नोंदला जातो. आलेल्या माणसांनी सांगितलं, कसतोस ती जमीन दाखव. लहानूच्या बापानं दाखवली. त्या वर्षी नागली, म्हणजे आपली नाचणी, होती तेवढ्या तुकड्याभोवती तो चालला, आणि घरी येऊन बसला.

आता हे समजायला तिकडची शेती माहीत हवी. त्या उतारावर माती पातळ. एका तुकड्यात पहिल्या वर्षी नागली घेतात, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी. मग त्या तुकड्याला विसावा देतात आणि शेजारच्यात जातात. असं करत करत काही वर्षांनी पुन्हा पहिल्या तुकड्यावर. म्हणजे शेत एकच, पण कसला जाणारा तुकडा फिरता. विसाव्यातल्या तुकड्यावर गवत वाढतं, झुडपं येतात. बाहेरच्याला तिथं रानच दिसतं.

"पण तुझ्या बापानं विसाव्यातले तुकडे का नाही दाखवले रे?" मी जवळजवळ ओरडलेच.

लहानूला माझा प्रश्नच कळला नाही. "कसतोस ती दाखव म्हनले ना बाई. ती कुठं कसत होता तो तवा? खोटं कसं दाखवायचं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या नोकरीत मी लोक पाहिले ते रेघेच्या पलीकडे पाऊल टाकणारे. बोटभर, वीतभर, जमलं तर हातभर. आणि हा बाप्या स्वतःच्या जमिनीच्या आत चालून आला! ही चूक निफाडात कुणी केली नसती, नाशकात तर नाहीच. ती त्याच डोंगरावर होऊ शकते. मोजणाऱ्यांचीही चूक म्हणता येईना, त्यांना तिकडची फिरती शेती कुणी सांगितली नव्हती.

पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला तो तेवढ्या एका तुकड्याचा. बाप गेला. लहानू दर वर्षी त्याच तुकड्यात पेरत राहिला, आणि माती दमत गेली. आणि आता विसाव्यातल्या जागेवर वनखात्याचं झाडं लावायचं ठरलं होतं, कारण कागदावर ती कुणी कसत नव्हतं. पांढरी फक्की टाकून खड्ड्यांच्या जागा आखून झाल्या होत्या. लहानूनं अर्ज केला होता, सुनावणी लागणार होती, पण त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं. "ते तुकडे गेले तर नागली बंद बाई," तो म्हणाला. "मंग बायकापोरं घेऊन हिकडंच राह्यचं. बारमाही." त्यानं द्राक्षाच्या मांडवाकडे बघितलं, आणि मी त्याचा कप पुन्हा भरला.

घरी आले ती थेट मृण्मयीकडे. "तुझ्या या नकाशात मागची वर्षं दिसतात का गं?"

"काकू, तेच तर आम्ही नवीन केलंय! तुम्ही विचारलंच नाहीत!"

नकाशाच्या खालच्या बाजूला एक पट्टी होती. ती बोटानं डावीकडे ओढली की वर्षं मागे जायची. तीच जागा, आधीच्या वर्षीची. त्याच्या आधीची. मी ती पट्टी ओढतच बसले. आयुष्यभर मी नकाशे काढले ते एका दिवसाचे. मोजणीच्या दिवशी जे होतं ते कागदावर आलं, काल काय होतं आणि उद्या काय असेल ते कागदाला माहीत नाही. आणि इथं डोंगर माझ्यासमोर वयानं मागे मागे चालला होता.

दुसऱ्या दिवशी लहानूला फोन लावला. त्याच्याकडे साधाच पण स्क्रीनवाला फोन होता. मृण्मयीनं त्याला दुवा पाठवला. बागेत जेवणाच्या सुट्टीत त्यानं तो उघडला आणि माझ्या लॅपटॉपवर डोंगराच्या उतारावर एक हिरवा ठिपका हलायला लागला.

"हे काय गं?" मी दचकले.

"मीच हाये बाई," फोनमधून लहानूचा आवाज आला. त्याचं बोट त्याच्या पडद्यावर फिरेल तसा माझ्याकडे ठिपका फिरत होता.

मी इंदिरानगरात, तो निफाडात मांडवाखाली, आणि दोघं मिळून सुरगाण्याच्या डोंगरावर फिरत होतो. पट्टा मिळायच्या आधीची वर्षं काढून तो ठिपका न्यायचा आणि सांगायचा, ह्या साली इथं नागली होती, त्या साली तिथं. थोरल्या पोरीच्या जन्माच्या साली वरच्या अंगाला. मी त्याचं ऐकून ते वर्ष काढायचे, आणि तिथं खरोखरच पेरलेल्या तुकड्याचा वेगळा रंग दिसायचा. प्रत्येक वर्षाच्या तुकड्याला मी निराळ्या रंगाची रेघ मारली. काही वर्षांची चित्रं फार धूसर निघाली, काहींवर ढगच ढग. मी वैतागायचे. मृण्मयी समजावायची. आमचे हे जेवायला हाका मारून थकायचे आणि शेवटी स्वतःच पिठलं टाकायचे. सगळे रंग भरून झाले तेव्हा दिसलं, की तुकडे उतारावर एका फेऱ्यानं फिरतात आणि परत पहिल्या जागी येतात. कुठंही उडी नाही. त्याचा बाप तुकड्याभोवती चालला होता, त्याचं शेत मात्र या सगळ्या फेऱ्याएवढं होतं.

आणि एक गोष्ट मला लहानूनंच दाखवली. उन्हाळ्याच्या चित्रांत जागोजागी छोटे काळे चौकोन होते. मला वाटलं चित्रात दोष आहे. "दोष कशाचा बाई, राब हाये तो." पावसाआधी नागलीची आणि भाताची रोपं टाकायची जागा भाजून घेतात. वाळका पाला, फांद्या, शेण, वर मातीचा थर, आणि पेटवून देतात. तण मरतं, राख खत होते. त्या वर्षी ज्या तुकड्यात पीक घ्यायचं त्याच्या अंगालाच राब. म्हणजे प्रत्येक काळा चौकोन सांगत होता, यंदा आम्ही इथं आहोत. मी त्या दिवशी मृण्मयीसाठी रव्याचे लाडू केले. कुणाच्या कामाचं कौतुक वाटलं की मला दुसरं काही सुचत नाही.

सुनावणीला अण्णा स्वतःची जीप घेऊन आले. "माझा माणूस आहे, मी नाही तर कोण येणार?" असं म्हणून त्यांनी मला पुढं बसवलं आणि लहानूला मागं. दावे बघणाऱ्या समितीतले साहेब तरुण होते, कडक होते, पण ऐकून घेणारे होते. मी लॅपटॉप उघडला आणि पट्टी ओढत वर्षामागून वर्ष दाखवलं. ते खुर्ची सरकवून जवळ आले. हे बघायला सगळेच जवळ येतात, मी तेव्हापासून पाहतेय.

पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "बाई, हे काळे डाग वणव्याचे कशावरून नसतील? उन्हाळ्यात जंगलाला आग लागतेच."

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागून लहानू बोलला. साहेबांसमोर तो तोवर एक अक्षर बोलला नव्हता.

"साहेब, वनवा काय चौकोनी लागतो का?"

साहेबच हसायला लागले. त्यांनी पुन्हा एकेक चौकोन मोठा करून बघितला. जागेवर जाऊन फेरमोजणी करायची असं ठरलं, आणि तोवर खड्ड्यांचं काम थांबवायचं असंही.

फेरमोजणीला मीही गेले. सरकारी माणूस म्हणून नव्हे, नुसतीच. पाड्यावर लहानूच्या बायकोनं कोरा चहा पुढं केला. हात सवयीनं थर्मासकडे गेला. मग म्हटलं, छे! मी तर या वेळी उघड उघड एका पार्टीची आहे. आयुष्यात पहिल्यांदा मोजणीच्या दिवशी मी पार्टीच्या घरचा चहा प्यायले, आणि पुन्हा मागून घेतला.

डोंगर चढताना माझा दम निघाला, पण फोनवर आम्ही काढलेली रेघ पायाखाली सापडत होती. पुढं लहानू, मागं यंत्र घेतलेला मोजणीवाला, त्याच्यामागं गावची समिती आणि मी. सगळं छान चाललं होतं. वरच्या अंगाला एका आंब्यापाशी लहानू थांबला. रेघ आंब्याच्या पलीकडून जात होती. तो अलीकडूनच वळला.

"अरे, पलीकडून! रेघ पलीकडून आहे!" मी खालून ओरडले.

"नाय बाई. आंब्यापलीकडं रामीचं हाये."

रामी म्हणजे त्याच्या शेजारची बाई. नवरा गेलेला, ती लेकीकडे दुसऱ्या गावी राहत होती. तिनं दावाच केला नव्हता. चित्रात तिचा आणि याचा तुकडा एकाच रंगाचा दिसला आणि मी दोन्ही एकात ओढले होते. कुणाला कळलं नसतं. रामीलासुद्धा नाही.

मला इतका राग आला म्हणून सांगू! "लहानू, सगळी समिती उभी आहे, यंत्र चालू आहे, आणि तू आत्ता सांगतोस? इतके दिवस ठिपके नाचवत होतास तेव्हा काय झालं होतं?"

"फोनात आंबा दिसला नाय बाई. हितं आल्यावर दिसला."

आंबा तिथं उभाच होता, माझ्या डोक्यावर सावली धरून. ज्या स्वभावानं त्याच्या बापानं जमीन घालवली, तोच स्वभाव ती परत मिळताना आडवा येत होता, आणि तो चुकीचा आहे असं म्हणायला माझी जीभ रेटेना. डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी घामाबरोबर पुसलं. एका दगडावर बसले, फोन काढला आणि रेघ ओढून आंब्याच्या अलीकडे आणली. साखळीच्या काळात एवढ्यासाठी सगळा कागद नव्यानं काढावा लागला असता. इथं बोटानं ओढली की झालं, आणि क्षेत्रफळही आपलं आपण कमी होऊन गुंठ्यांत दिसलं. मृण्मयी, तुझं भलं होवो, असं मी त्या डोंगरावर मोठ्यानं म्हटलं.

"आता रामीला येगळा रंग टाका," लहानू म्हणाला. "तिचा अर्ज मी करून देतो."

मी जांभळा टाकला.

निकाल यायला वेळ लागला. या गोष्टींना लागतोच, आणि त्यावर बोलायला लागले तर दिवाळी अंकात दुसऱ्या कुणाला जागा उरणार नाही. पण लहानूच्या बाजूनं आला. आखलेल्या खड्ड्यांची फक्की एका पावसात धुऊन गेली होती. रामीचं अजून चालू आहे.

मृण्मयीचं संकेतस्थळ आता पुष्कळ लोक वापरतात. मी तिला अजून चुका काढून देते. पाऊस असला की ढगांखाली काहीच दिसत नाही, हे मला मान्य नाही, असं मी तिला सुनावलंय. आणि झाडं दिसायला हवीत गं, एकेक झाड, हेही. ती म्हणते, काकू, तेवढं उपग्रहालाही जमत नाही. मी म्हणते, मग शिकव त्याला. हे सगळं माझ्या नोकरीत मिळालं असतं तर, असं मनात येतं, नाही असं नाही. किती मांडवांखाली मी वाकले, किती भावांची किती वर्षं एका ओळीपायी गेली. पण निदान मला ते बघायला तरी मिळालं.

या उन्हाळ्यात, खरड छाटणीच्या दिवसांत, अण्णांचा फोन आला. द्राक्षाची खरड छाटणी म्हणजे वेलीची जुनी काडी सगळी काढून टाकायची, त्याला जाणता हात लागतो. अण्णा भडकलेले होते.

"मॅडम, लहानू आला नाही! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फोन लावला तर म्हणतो, अण्णा, यंदा घरी काम हाय. तुमच्या त्या नकाशानं माझा माणूस पळवला बघा!"

"अण्णा, जीप तुमचीच होती," मी म्हटलं.

अण्णा हसले. "ते बी खरंच हाय म्हणा."

फोन ठेवला आणि मी लॅपटॉप उघडला. डोंगर आला. पट्टी उजवीकडे, अगदी शेवटपर्यंत ओढली. नवं चित्र आलेलं होतं, जरा दाणेदार, पण बिनढगाचं. मी वरच्या अंगाला गेले. आंब्याच्या अलीकडे, जिथं फक्की टाकली होती तिथं, एक काळा ठिपका होता. मी तो मोठा केला, आणखी मोठा केला.

चौकोनी होता.